कुपवाडची पर्मनंट नोकरी

क्रांती आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. विश्रामबागेत इतकी वर्षं काढल्यावर कोण शेजारी काय करतो हे मला सहसा लगेच कळतं, पण हिचं कळायला वेळ लागला. बाई सकाळी कुठे जात नाही, संध्याकाळी कुठून येत नाही, आणि तरी दिवसभर कामात. शेवटी एकदा तिच्या सासूबाईंनाच विचारलं. राहीबाई म्हणाल्या, "कम्प्युटरवर कंत्राटं घेती. कुनाचं काय, कुनाचं काय करती आन मोकळी हुती."

मोकळी होते, हे अगदी खरं होतं. क्रांती मूळची वाळवा तालुक्यातली. वडील सयाजी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरचा ऊस. सांगलीत इंजिनिअर झाली, पुण्यात एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत काही वर्षं पर्मनंट होती. जयराजशी लग्न झालं, तो मिरजेच्या कॉलेजात शिकवतो, म्हणून ती पुणं सोडून इकडे आली आणि घरातूनच कामं घ्यायला लागली. मी तिला एकदा म्हटलं, पर्मनंट नोकरी सोडताना काही वाटलं नाही का गं? ती म्हणाली, "काकू, तिथं कामाला शेवटच नसायचा. एकाचं अर्धवट दुसऱ्याच्या गळ्यात. कंत्राटात काय करायचं ते आधी ठरतं. करायचं, सोपवायचं, नमस्कार करायचा."

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तिनं असंच एक काम सोपवलं. कुपवाडच्या एमआयडीसीतली एक छोटी कंपनी कोल्ड स्टोरेजसाठी पेट्या बनवायची. आपल्याकडे बेदाणा आणि हळद ज्या कोल्ड स्टोरेजात ठेवतात तिथली थंडी अमोनियावर चालते. तो वायू जरा गळला तर डोळ्यांतून पाणी काढतो, आणि जास्त गळला तर माणसाची छाती आतून जाळतो. भिंतीवरची पेटी हवेतला अमोनिया मोजायची आणि धोका दिसला की भोंगा वाजवायची. भोंगा नेमका कधी वाजवायचा, हे ठरवणारा प्रोग्रॅम क्रांतीनं लिहिला होता. काम संपलं, कंपनीला पसंत पडलं, विषय संपला.

पुढच्या वर्षी बेदाण्याचा हंगाम सुरू होताना त्या कंपनीच्या मालकाचा, अनीशचा, फोन आला. चाळिशीचा माणूस, बोलणं अत्यंत मऊ. म्हणाला, "कंत्राटं पुरे झाली आता. तुम्ही आमच्याकडे या. सॉफ्टवेअरच्या प्रमुख म्हणून, पर्मनंट."

घरात आनंदीआनंद झाला. राहीबाईंच्या किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस. कंपनीच्या विम्यात सासूचं नाव घालता येणार होतं. जयराजनं त्या दिवशी स्वतःहून सगळ्यांसाठी भडंग आणलं. सयाजी गावाहून फोनवर म्हणाले, "घे पोरी. फौजंत आमच्या मागं पलटन हुती, म्हनून आमी पुढं जायचो. तू एकटीच किती दिस लढनार?"

ती कुपवाडला ऑफिस बघायला गेली. अनीशनं तिला तिची जागा दाखवली. खुर्चीच्या पाठीवर एक राखाडी रंगाचा स्कार्फ होता आणि टेबलावर एक रोप वाळून उभं होतं.

"हे कुणाचं?" तिनं विचारलं.

"भार्गवीचं. आधी ती बघायची. साताऱ्याला गेली माहेरी. घरगुती कारण," अनीश म्हणाला.

पलीकडे हिशेब बघणाऱ्या बाई टायपिंग करत होत्या. भार्गवीचं नाव निघालं तेव्हा त्यांची बोटं थांबली आणि अनीश केबिनमध्ये जाईपर्यंत थांबूनच राहिली.

केबिनमध्ये तिनं सहज म्हटलं की रुजू होण्याआधी प्रोग्रॅम आता कसा चाललाय ते बघते. अनीश हसला. "आधी या तर खरं. बाहेरच्या माणसाला आता आम्ही आत बघू देत नाही. नियमच केलाय."

प्रोग्रॅम तिनंच लिहिलेला, आणि तिलाच बघू देत नव्हते. घरी येताना स्कूटरवर तिच्या डोक्यात हेच घोळत राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं ओळखीतून भार्गवीचा नंबर मिळवला. भार्गवी फोनवर एवढंच म्हणाली, "सही केलीत का? नसेल तर करू नका. बाकीचं फोनवर नको."

क्रांती रेल्वेनं साताऱ्याला गेली. शाहूपुरीत भार्गवीचं घर. तिची आई चहा ठेवून आत गेली, तशी भार्गवीनं मधलं दार लोटून घेतलं.

"भोंगा फार वाजतो म्हणून स्टोरेजचे मालक लोक ओरडायचे," ती सांगू लागली. "भोंगा झाला की बायका बाहेर पळायच्या, माल भरायचा थांबायचा. अनीश सर म्हणाले, वायू बराच वेळ टिकला तरच वाजू दे. मी केलं तसं. साहेब सांगतायत, पगार घेतेय, करायचं. एवढाच विचार केला बघा मी."

"मग?"

"तासगाव रस्त्याच्या एका स्टोरेजमध्ये क्रेट उचलणारा माणूस कोसळला. भोंगा वाजला, पण तो पडल्यावर. त्याला आता एका डोळ्यानं नीट दिसत नाही. चक्कर आली, असं सगळ्यांना सांगितलं. आणि सरांनी माझ्यापुढे कागद ठेवला, की ही यंत्रणा सुरक्षित आहे असं मी इंजिनिअर म्हणून सांगते. मी राजीनामा दिला. त्यांनी मला अजून सोडल्याचं पत्र दिलेलं नाही. त्याशिवाय दुसरीकडे कोणी घेत नाही."

"पण मीच कशाला हवी त्यांना?"

भार्गवीनं तिच्याकडे बघितलं. "विमा कंपन्या आता विचारतात, याला जबाबदार इंजिनिअर कोण. कंत्राटावरचं माणूस त्यांना चालत नाही. हजेरीपटावरचं नाव लागतं."

परतीच्या गाडीत क्रांतीनं ठरवलं होतं की नाही म्हणायचं. पण दुसऱ्या दिवशी ती घरी न थांबता तासगाव रस्त्याच्या त्या स्टोरेजवर गेली. फाटकाजवळच्या शेडमध्ये बायका बेदाणा निवडत बसल्या होत्या. त्यातल्या हरणाबाई नावाच्या वयस्कर बाईशी तिनं बोलणं काढलं. बोलता बोलता एक झुळूक आली आणि क्रांतीच्या डोळ्यांना झोंबली. बायकांनी निवडता निवडताच पदर नाकाला लावले, जसं आपण ऊन लागलं की डोळ्यांवर हात धरतो तसं.

"हा वास कायम येतो?"

"येतो की. कवा जास्ती, कवा कमी."

"आणि भोंगा?"

"पैल्यांदा लय वाजायचा. आता गप हाय. बरं झालं, मुकादम आमच्यावर डाफरायचा," हरणाबाई म्हणाली.

क्रांतीनं तिचा नंबर घेतला आणि ती निघाली. त्या रात्री नीट जेवलीसुद्धा नाही, असं जयराज मला नंतर म्हणाला. त्याचं म्हणणं, तक्रार कर. तिनं तेही केलं. एका सरकारी ऑफिसात गेली. तिथल्या साहेबानं विचारलं, "तुम्ही त्या कंपनीत आहात का? त्या स्टोरेजमध्ये आहात का? मग तुमचा संबंध काय?" पुरावा आणा, मग बघू.

 कंत्राट संपलं तेव्हाच संबंध संपला होता. इतकी वर्षं तिला ह्याचंच सुख वाटत आलं होतं. आता त्या शेडमध्ये बायका पदर लावून बसल्या होत्या, आणि प्रोग्रॅमला हात लावायचा एकच रस्ता होता. ज्या खुर्चीवर भार्गवीचा स्कार्फ होता, तिच्यात जाऊन बसायचं.

सयाजी त्या आठवड्यात डाळी घेऊन आले होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं. म्हातारा गॅलरीत जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "त्यो वायू टिकला तर वाजू दे, ह्यो हुकूम लेखी हाय का तोंडी?"

"तोंडी, आबा."

"मंग जाऊ नकोस. तोंडी हुकूम देनारा मानूस नंतर तिथं नसतोय. मी बघितलंय."

"मी गेले नाही तर त्या बायकांचं काय?"

सयाजींनी पिशवीतल्या डाळी काढून ठेवायला सुरुवात केली. आधी घे म्हणणारा बाप आता नको म्हणत होता, आणि त्या दोन्हींतलं काहीच तिच्या उपयोगाचं नव्हतं.

एप्रिलच्या सुरुवातीला ती रुजू झाली. राहीबाईंच्या नावाचं विम्याचं कार्ड आलं. त्यांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं. 

पहिल्याच आठवड्यात अनीशनं तो कागद तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "सही करते. पण आधी भोंगा पूर्वीसारखा करते, वायू दिसला की वाजणारा. आणि तसं त्या कागदात लिहिते." आणि तिनं तसं केलं. चोरून नाही. सगळ्या कंपनीला कळवून केलं, आणि मग त्या कागदावर सही केली.  अनीश त्या दिवशी नुसता तिच्या दारात उभा राहून तिच्याकडे बघत राहिला.

मग सांगलीपासून तासगावपर्यंतचे भोंगे वाजायला लागले. काही खरे, काही खोटे. दाराजवळचे जुने सेन्सर दमट हवेतही वायू आहे असं सांगायचे. ते बदलायला हवेत, असं क्रांती रोज म्हणायची. अनीश म्हणायचा, हंगाम संपू दे. स्टोरेजच्या मालकांचे फोन यायचे. एकदा अनीश तिच्यासमोर बसला आणि डोकं धरून म्हणाला, "क्रांती, मी काय राक्षस आहे का? मालकांनी पेट्या काढून टाकल्या तर ही कंपनी बंद पडते. मग इथली माणसं कुठे जाणार? पेटीच नसली तर भोंगा कुठून वाजणार, सांग मला."

यातही खोटं काही नव्हतं. ती घरी येऊन जयराजला म्हणाली, "तो बोलतो तेव्हा मला तो बरोबर वाटतो. याचीच मला भीती वाटते."

मे महिना उजाडला. उकाडा भयंकर. आमच्या इमारतीत सगळे अंगणात बसायचे, पण क्रांती खाली यायची नाही. जबाबदार इंजिनिअर म्हणून आता सगळ्या पेट्यांचे इशारे तिच्या फोनवर यायचे. जेवताना, देवळात, कुठेही फोन थरथरला की ती उठून उभी राहायची. पुण्यातसुद्धा ती इतकी कामाला बांधलेली नव्हती. राहीबाई मला म्हणाल्या, "आवं, पोरगी फोनकडं बघती तशी आमच्याकडं बगत न्हाई. कसल्या नोकरीत अडकली काय की."

एके दुपारी ती राहीबाईंना घेऊन मिरजेला डायलिसिसला गेली होती. राहीबाईंच्या हाताला नळ्या लावलेल्या, क्रांती शेजारी स्टुलावर. फोन थरथरला. तासगाव रस्त्याचं स्टोरेज. आकडा तिनं कधी बघितला नव्हता इतका मोठा होता, आणि बघता बघता चढत होता.

तिनं तिथल्या मॅनेजरला फोन लावला. उचलला नाही. स्टोरेजच्या मालकाला लावला. तो नुसताच वाजत राहिला. मग तिनं हरणाबाईला लावला.

"हरणाबाई, कुठे आहात?"

"हितंच की, शेडमदी. काय झालं?"

"सगळ्या बायकांना घेऊन बाहेर पळा. आत्ता. वाऱ्याच्या उलट्या दिशेला. तोंडाला ओला पदर लावा."

"आवं, पन भोंगा कुटं वाजलाय?"

 भोंगा वाजायलाच हवा होता. "मी सांगते ना! उठा!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की वॉर्डमधली नर्स धावत आली. फोनमधून हरणाबाईचा आवाज आला, "ए पोरींनो, उठा, उठा गं," आणि क्रेट कलंडल्याचा आवाज, आणि मग खोकल्याचा, एकाच वेळी पुष्कळ जणींचा. मग फोन बंद झाला.

राहीबाईंनी नळ्या नसलेल्या हातानं तिचं मनगट धरलं. "तू जा," त्या म्हणाल्या. "माजं सुटायला वेळ हाय. जा."

ती पोचली तेव्हा रस्त्यापलीकडच्या द्राक्षबागेच्या कडेला बायका बसल्या होत्या. कुणी ओकत होतं, कुणी डोळ्यांवर पाणी मारत होतं. पण सगळ्या होत्या. हरणाबाई नावं घेऊन पुन्हा पुन्हा बघत होती. कमी होता तो एकच माणूस, मशीन चालवणारा नानासो. पाइप फुटला तेव्हा तो बाहेर आला होता. मुख्य व्हॉल्व्ह बंद केला नाही तर वायू रस्त्यावर, मग वस्तीत जाईल म्हणून ओला टॉवेल तोंडाला बांधून परत आत गेला. व्हॉल्व्ह त्यानं बंद केला. त्याला बाहेर काढलं ते अग्निशमनच्या माणसांनी. मिरजेला नेलं, आणि काही दिवसांनी तो गेला.

भोंगा का वाजला नाही, ते त्याच संध्याकाळी कळलं. सारखा वाजतो म्हणून मॅनेजरनं त्याची वायर काढून ठेवली होती. पेटीवरचा हिरवा दिवा तेवढा चालू होता.

मग चौकशी लागली. अनीशनं जबाब दिला की क्रांतीनं माझ्या मनाविरुद्ध प्रोग्रॅम बदलला, भोंगा उगाच वाजायला लागला, म्हणून मॅनेजरनं वायर काढली. जबाबदार इंजिनिअर म्हणून कागदावर तिचं नाव, तिची सही. क्रांतीला सगळ्यात जास्त हे लागलं की ह्या जबाबात थोडं खरंही होतं. माझ्याकडे बसून ती म्हणाली, "काकू, मी नसतं बदललं तर भोंगा उशिरा का होईना वाजला असता. बदललं म्हणून वाजलाच नाही. मग मी काय केलं?"

मी म्हटलं, "तू फोन केलास."

ती म्हणाली, "नानासोला नाही केला. त्याचा नंबर नव्हता माझ्याकडे."

कंपनीनं तिला कामावरून काढलं, आणि त्याच दिवसापासून राहीबाईंचा विमाही संपला. आता त्यांचं डायलिसिस सरकारी योजनेतून होतं, दुसऱ्या दवाखान्यात, बराच वेळ रांगेत बसून. राहीबाईंनी देव्हाऱ्यातलं कार्ड स्वतः काढून जयराजकडे दिलं. "हे कचऱ्यात टाक," म्हणाल्या. सुनेला एका शब्दानं बोलल्या नाहीत.  एका रविवारी जयराज क्रांतीला स्कूटरवर घेऊन नानासोच्या घरी गेला. नानासोच्या बायकोनं दोघांना पाणी दिलं आणि ती उंबऱ्यात बसून राहिली.  निघताना ती एवढंच म्हणाली, "त्येंनी दवाखान्यात तुमचं नाव घेतलं हुतं. त्या फोनवाल्या बाई म्हनून."

पोलिसांनी क्रांतीला वरचेवर बोलावलं. सयाजी गावाकडून येऊन प्रत्येक वेळी बरोबर गेले, फौजेचे जुने काळे बूट घालून. आत सोडलं नाही तर बाहेर ताठ उभे राहायचे. अनपेक्षित मदत आली ती साताऱ्याहून. भार्गवी आली आणि तिनं आपला जबाब लिहून दिला, भोंगा उशिरा वाजवायचं कुणी सांगितलं, त्या पहिल्या माणसाचं काय झालं, सगळं. तिला अजून सोडल्याचं पत्र मिळालेलं नाही. आता मिळणारही नाही.

क्रांतीनं परत कंत्राटं घ्यायला सुरुवात केलीय, पण पूर्वीसारखी नाही. काम सोपवल्यावरही ती लोकांना फोन करते, कसं चाललंय विचारते. काहींना ते आवडत नाही. त्यांना वाटतं, पैसे झाले, काम झालं, ही बाई अजून कशाला विचारते? परवा नाशिकच्या एका कंपनीनं तिला पुढचं काम दिलंच नाही.

खटला सांगलीच्या कोर्टात उभा राहिलाय. आरोपींत स्टोरेजचा मॅनेजर आहे, तिथला मालक आहे, अनीश आहे. क्रांती तूर्त साक्षीदार. उद्या काय असेल, वकीलही सांगत नाही. तिच्या सहीचा कागद अनीशच्या वकिलाकडे आहे, आणि त्याला तो फार आवडतो.

मागच्या तारखेला मी तिच्याबरोबर गेले होते, सयाजींना ताप होता म्हणून. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाक रिकामा होता. आम्ही बसलो, आणि थोड्या वेळानं अनीश आला. वाळला होता, दाढी वाढली होती. दुसरी जागा नव्हती. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

त्यानं त्याच मऊ आवाजात विचारलं, "आईंची तब्येत कशी आहे?"

क्रांतीनं त्याच्याकडे बघितलं नाही. "बरी आहे," ती म्हणाली.

"कुपवाडचं शेड दुसऱ्यानं घेतलं," तो म्हणाला. "पेट्या त्याच बनवतात. नाव बदललंय. माणूस शोधतायत सॉफ्टवेअरला."

मला वाटलं ती उठून जाईल. ती उठली नाही. तिनं नुसतं विचारलं, "भोंग्याचं काय केलंय त्यांनी?"

"माहीत नाही," अनीश म्हणाला. "मला आत बघू देत नाहीत."

तेवढ्यात आतून पुकारा झाला.